पाठ असलेली गोष्ट

१८९७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे राजद्रोहाचा एक खटला चालला. आरोपी होते बाळ गंगाधर टिळक. आरोपाचा आधार होता ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातला मजकूर : पुण्याच्या शिवोत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता. कवितेत महाराज जागे होतात, आपल्या मुलखाची दशा पाहतात आणि कळवळतात. भाषणांत अफझलखानाच्या वधाची चर्चा होती, तो नीतीला धरून होता की नाही याची. बंड करा असे सरळ कुठे सांगितलेले नव्हते. पण अंक निघाल्यावर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँड आणि आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सरकारला त्या मजकुराचा अर्थ वेगळा दिसू लागला. न्यायालयात लढाई झाली ती या अर्थावरून. अडीचशे वर्षांपूर्वीचा राजा बोलतो आहे तो कोणाविषयी, आणि वाचणारा त्यातून काय घेणार, हे सरकारी वकिलांना ज्यूरीला समजावून द्यावे लागले. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

हा निकाल अन्यायाचा होता असे मला वाटते. पण सरकारने त्या मजकुरात जे ओळखले ते खोटे नव्हते. महाराष्ट्राच्या पुढच्या साठ वर्षांच्या राजकारणात पुन्हा पुन्हा दिसणारी एक गोष्ट त्या खटल्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. लोकांचे मन वळवणारी कथा बहुधा नवी नसते. ती ऐकणाऱ्याला आधीच पाठ असते, तिचा शेवट त्याला माहीत असतो, तिच्यातल्या माणसांवर त्याचे प्रेम किंवा राग आधीच बसलेला असतो. राजकारण करणारा तिच्यात फक्त एक जागा मोकळी करतो आणि ऐकणारा आपण होऊन त्या जागेवर जाऊन बसतो. पटवण्याचे निम्मे काम ऐकणाराच करतो, म्हणून ते टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंतचा काळ या दृष्टीने पाहिला तर पवाडा, जलसा, नाटक आणि लोकनाट्य ही वेगवेगळी प्रकरणे राहत नाहीत. ती एकाच कलेची रूपे दिसतात, आणि त्या कलेचे बळ कशात आणि धोका कशात हेही दिसते.

या कलेचा पहिला मोठा जाणकार जोतीराव फुले. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाई, तिला ग्रहांची भीती घालून तिच्या घरातले किडूकमिडूक उकळणारा जोशी, तिचा भोळा नवरा, मध्ये मध्ये येऊन खरे काय ते बोलून जाणारा विदूषक, आणि शेवटी रात्रीच्या शाळेकडे वळणारे ते जोडपे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. कमिटीला ते का रुचले नसेल हे कळण्यासारखे आहे, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यातले माणूस निवडण्याचे कौशल्य. शिक्षणाची गरज सांगायला जोतीरावांनी निबंध निवडला नाही. प्रत्येक खेड्यातल्या प्रत्येक घरात घडलेला एक प्रसंग त्यांनी उचलला. आपल्या आईला, बायकोला, सुनेला जोशाने असेच घाबरवलेले ज्याने पाहिले आहे त्याला पात्रांची ओळख करून द्यावी लागत नाही. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा प्रसिद्ध केला. तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठी आहे आणि म्हणून अवघड संस्कृत शब्द टाळले आहेत, हे त्यांनी स्वतः नोंदवले. त्या पवाड्यातला शिवाजी कुळवाड्यांचा राजा आहे. पराक्रम तोच, गड तेच, खान तोच. राजा कोणाच्या घरातला, एवढेच बदलले. आणि तेवढ्याने सगळे बदलले.

चार वर्षांनी, १८७३ साली, ‘गुलामगिरी’ आली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे पुस्तक जोतीराव आणि धोंडिबा यांच्या सवालजबाबात लिहिलेले आहे, आणि त्यात विष्णूच्या अवतारांची कथा उलटी वाचलेली आहे. बळी आणि वामन यांची कथा महाराष्ट्रात सांगायला कोणाची गरज लागत नव्हती. बटू तीन पावले जमीन मागतो, तिसऱ्या पावलासाठी राजा मस्तक पुढे करतो, बटू त्याला पाताळात दडपतो. पुराणात हा देवाचा विजय आहे. पण त्याच महाराष्ट्रात सणाच्या दिवशी ओवाळताना बायका इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो असे म्हणत आल्या आहेत. ज्याला देवाने पाताळात घातले त्याच्या राज्याची वाट घरातली बाई का पाहते? जोतीरावांनी हा प्रश्न धरला. पुराण एक सांगते आणि तोंडातली म्हण दुसरे सांगते, या फटीत त्यांनी पहार घातली. बळी हा या भूमीचा न्यायी राजा, वामन हा कपटाने राज्य लाटणारा, आणि खेड्यापाड्यांतले खंडोबा, म्हसोबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी, अशी मांडणी त्यांनी केली. शेतकरी ज्या दगडाला शेंदूर लावत होता तो दगड एकाएकी त्याच्या हरवलेल्या राज्याचा पुरावा झाला. शेंदूर तोच राहिला, नवस तोच राहिला, आणि तरी नमस्कार करणाऱ्या माणसाची मान वेगळ्या कारणाने लवू लागली.

याला पहिला आक्षेप इतिहासाचाच आहे, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ‘गुलामगिरी’तल्या व्युत्पत्ती आणि अवतारांना स्वाऱ्या समजण्याची पद्धत आजच्या इतिहाससंशोधनात टिकत नाही. मग लोकांना न टिकणाऱ्या इतिहासाने पटवणे योग्य होते काय? मला वाटते, हा प्रश्न विचारताना जोतीरावांचे बाकीचे काम बाजूला ठेवणे अन्याय होईल. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी महसूल कोणाच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा कोणाच्या मुलांवर जातो हे कथेच्या आधाराशिवाय, सरळ मांडले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याचे कर्ज, शेती आणि कोर्टकचेरीतली नागवणूक यांचे तपशील आहेत. शोषण होते हे सिद्ध करायला त्यांना बळीची गरज नव्हती. गरज होती ती, ज्याचे शोषण होते त्याला हे आपले नशीब नाही असे वाटायला लावण्यासाठी. कर्माचा सिद्धान्त हीसुद्धा एक गोष्टच होती, शेकडो वर्षे कीर्तनातून आणि पुराणातून सांगितलेली. एका गोष्टीची मगरमिठी आकड्यांच्या तक्त्याने सुटत नाही. ती दुसऱ्या गोष्टीनेच सुटते, आणि ती दुसरी गोष्ट पहिलीइतकीच घरातली असावी लागते.

पाठ असलेली कथा मात्र कोणा एकाची नसते. जोतीरावांच्या पवाड्यानंतर पाव शतकाने टिळकांनी रायगडाच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि १८९६ साली गडावर शिवोत्सव झाला. टिळकांचा शिवाजी परक्या सत्तेविरुद्ध उभा राहणाऱ्या राष्ट्राचा नायक होता. तिकडे सत्यशोधक परंपरेत शिवाजी हा कुणब्याचा राजा म्हणून वाढत होता. दोन्ही बाजूंना अफझलखान हवा होता, दोन्ही बाजूंना भवानी हवी होती. खान कोण आणि महाराजांच्या मागे उभा असलेला मावळा कोण, यावर वाद होता. हा वाद निव्वळ इतिहासकारांचा नव्हता. ज्याच्या गोष्टीत मावळ्याची जागा आपल्याला मिळते, त्याच्या मागे माणसे जात होती.

रंगभूमीवर ही कला सगळ्यांत धारदार झाली ती १९०७ साली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे, टिळकांचे सहकारी, ‘केसरी’तले लेखक. त्यांचे ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेले पांडव, सैरंध्री झालेली द्रौपदी, राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक, त्याची नजर, धीर धरा म्हणणारा कंकभट्ट म्हणजे युधिष्ठिर आणि धीर संपलेला बल्लव म्हणजे भीम. कीर्तनाला बसलेल्या पोरालाही हे कथानक ठाऊक होते. पण १९०५ साली बंगालची फाळणी झाली होती, व्हाइसरॉय कर्झनचा मग्रूर कारभार लोकांच्या डोळ्यांपुढे ताजा होता, आणि काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल यांची फूट १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला उघड व्हायची होती. थिएटरातल्या माणसाला कीचक कोण हे सांगावे लागले नाही. कंकभट्टाच्या सबुरीत त्याला मवाळांचे अर्जविनंत्यांचे राजकारण ऐकू आले आणि बल्लवाच्या संतापात आपला. नाटकात एकही इंग्रज नाही, एकही सरकारी कायदा नाही. द्रौपदीच्या विटंबनेवर भीमाने काय करावे हा प्रश्न प्रेक्षकाने हजार वेळा ऐकलेला होता आणि त्याचे उत्तर त्याच्या मनात लहानपणापासून ठरलेले होते. खाडिलकरांनी ते ठरलेले उत्तर तसेच ठेवले आणि प्रश्न तेवढा १९०७ सालात आणला.

सरकारपुढची अडचण समजून घेण्यासारखी आहे. १८७६ चा नाट्यप्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा हाताशी होता, पण व्यासांच्या कथेला राजद्रोह म्हणायचे तर ती कशी आणि कोणावर लागू पडते हे सरकारलाच बोलून दाखवावे लागणार होते, म्हणजे कीचक आपणच आहोत असे कबूल करावे लागणार होते. सुमारे तीन वर्षे प्रयोग चालले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावरच्या आपल्या पुस्तकात या नाटकाचा सविस्तर परिचय दिला आणि कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल अशी जुळणी करून दाखवली. लेखकाने जे शब्द लिहिले नाहीत ते टीकाकाराने लिहून दिले. टिळकांनी पुढे या पुस्तकावरून चिरोलवर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा केला आणि १९१९ साली ते तो हरले. पण नाटकाच्या परिणामाची चिरोलइतकी नेमकी साक्ष कोणी दिलेली नाही, आणि ती विरोधकाची असल्यामुळे तिचे वजन अधिक आहे.

तरीही ‘कीचकवधा’चा पल्ला मर्यादित होता हे मान्य करावे लागते. तिकीट काढून थिएटरात बसणारा, वर्तमानपत्र वाचणारा, कर्झन कोण हे जाणणारा माणूस त्या रूपकाचा धनी होता. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, ज्याला थिएटरचे दार उघडे नव्हते, त्याच्यासाठी वेगळी वाट लागत होती. ती वाट सत्यशोधकांना सापडली होती. जत्रेत, उरुसात, गावच्या चावडीपुढे जो तमाशा उभा राहत होता त्याचा साचा त्यांनी जसाच्या तसा घेतला : गण, गवळण, बतावणी, वग. ढोलकी, कडे, तुणतुणे, झिलकरी तेच. मात्र वगात आता पंचांग घेऊन फसवणारा भटजी, व्याजात जमीन गिळणारा सावकार, खोटे कागद करणारा कुळकर्णी आणि त्यांच्या तावडीतून सुटणारा शेतकरी उभा राहिला. शृंगाराला कात्री लागली. दारू सोडा, पोर शाळेत घाला, लग्नाला भट बोलावू नका, हे सगळे सोंगाड्याच्या तोंडून आले. याला जलसा म्हणू लागले. सोंगाड्याला पाटलाचीही खिल्ली उडवायची मुभा परंपरेनेच होती. जे गावात दिवसा बोलता येत नव्हते ते रात्री फडावर बोलता येत होते, आणि ऐकणाऱ्याला हसू फुटले की भीती तिथल्या तिथे थोडी ओसरत होती.

कोल्हापूर, सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या गावांतून हे जलसे फिरले. त्याच साताऱ्याच्या भूमीत १९४३ पासून ब्रिटिश सत्तेला समांतर असे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. नाना पाटील सत्यशोधक चळवळीतून आलेले, आणि त्यांची भाषणे म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीतल्या गोष्टी. प्रतिसरकारच्या काळातही शाहीर गावोगाव हिंडत होते. जलशांमुळे प्रतिसरकार झाले असे म्हणणे बाळबोध होईल. १९४२ चा उठाव, युद्धकाळातली टंचाई, सावकारी आणि गुंडगिरी, भूमिगत कार्यकर्त्यांचे जाळे ही कारणे होतीच. पण न्याय गावातच, आपणच करू शकतो ही कल्पना ज्या गावांना विचित्र वाटली नाही, त्या गावांनी एक-दोन पिढ्या रात्रीच्या फडावर सावकाराला हरताना पाहिले होते, ही गोष्ट निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे मला अवघड वाटते.

दलित चळवळीने हाच साचा आणखी पुढे नेला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम मंदिराचा १९३० चा, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. बाबासाहेब आंबेडकरांचे युक्तिवाद कायद्याच्या, अर्थशास्त्राच्या, धर्मशास्त्राच्या भाषेत होते आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षरओळखही मिळू दिलेली नव्हती. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा घडवला. तमाशाची कला तर महार-मांग समाजांनीच पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पेलली होती. दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी पेललेली ती कला त्यांनी आता आपल्यासाठी वापरली. गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन आले, आणि वगात पाणवठा, देऊळ, येसकरकी, मेलेली ढोरे ओढण्याचे काम आले. इथे साचा बदलला नाही असे म्हणणे पुरेसे नाही. वंदन पहिल्यांदा कोणाला करायचे हे बदलणे म्हणजे जगाची मांडणी बदलणे. पण वंदन असते, ते सुरुवातीला असते, हे ऐकणाऱ्याला माहीत होते. म्हणून बदल त्याला लगेच कळला.

याच कलेच्या घराण्यातला सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे अण्णा भाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाळवा तालुक्यातले वाटेगाव, मातंग समाज, लहानपणीच गाव सोडून मुंबई. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी रशियातल्या एका शहराच्या वेढ्यावर ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. गिरणीच्या फाटकावर उभा असलेला सातारी किंवा रत्नागिरीचा कामगार, त्याला व्होल्गा कुठली माहीत असणार? पण वेढा, तट, दाणागोटा, निकराचा हल्ला हे त्याला पवाड्यातून रक्तात मिळालेले होते. परका विषय ओळखीच्या चालीवर आला आणि परका राहिला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा या मंडळींनी आपल्या प्रयोगांना लोकनाट्य म्हटले. अण्णा भाऊंच्या गणात मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना नमन आले, गवळण गेली, वग राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नावेच सांगतात की निवडणूक, पुढारी, शेठ आणि शहर यांना त्यांनी वगातली पात्रे केले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या कलेची सर्वांत कठीण परीक्षा झाली. मुंबईसह मराठी भाषकांच्या एका राज्याची ही मागणी मुळात कागदी होती. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात तिला बळ मिळाले, पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषद झाली, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने राज्य पुनर्रचना आयोगापुढे मुंबई महाराष्ट्राचीच का हे व्यापार, लोकसंख्या, भूगोल यांच्या आधाराने मांडले. युक्तिवाद भक्कम होता. १९५५ साली आयोगाचा अहवाल आला तो द्विभाषिक मुंबई आणि वेगळ्या विदर्भाची शिफारस घेऊन. नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार. लढ्यात शंभराहून अधिक माणसे मेली. राज्याच्या सीमा कुठून जाव्यात हा प्रश्न, ज्यावर माणूस सहसा जांभई देतो, त्यासाठी गिरणीतला माणूस रस्त्यावर का उतरला?

अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत त्याचे एक उत्तर आहे. एक माणूस बायकोला गावी ठेवून मुंबईला येतो, तिचे रूप आठवत राहतो, मुंबईतली श्रीमंती आणि दैना पाहतो, लढ्यात सामील होतो, आणि अखेरीस त्याची ताटातूट आणि महाराष्ट्राची ताटातूट एक होऊन जाते. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे त्या विरहात येऊन बसतात. गिरणगावातल्या चाळींत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारे हजारो पुरुष होते. प्रत्येकाची मैना गावावर होती. कोकणी आणि घाटी माणसाच्या शंभर वर्षांच्या स्थलांतराची ही गोष्ट त्याला कोणी सांगावी लागत नव्हती, तो ती जगत होता. लावणीत विरहिणी बोलते, इथे विरही गडी बोलतो, एवढा पालट अण्णा भाऊंनी केला. मग शेवटी नकाशा आणला. नकाशावरची रेघ आपल्या घराला लागते असे ज्याला वाटले त्याला गाडगीळांचे निवेदन वाचायची गरज उरली नाही. आणि ते निवेदन नसते तर अण्णा भाऊंना कोणती नावे घ्यायची हेही ठरले नसते, हे मी त्याच दमात म्हणेन. अमर शेखांचा आवाज ज्या सभांत घुमला त्या सभा संयुक्त महाराष्ट्र समितीने भरवल्या होत्या, आणि आचार्य अत्र्यांचे ‘मराठा’ दैनिक त्या सभांची बातमी देत होते. संघटना आणि युक्तिवाद नसता तर गोष्टीला पाय नसते.

इथे एक आक्षेप येतो की ही सगळी मंडळी आधीच पटलेल्यांना पटवत होती. १९५७ च्या निवडणुकीकडे पाहिले तर हे अर्धेच खरे दिसते. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला आणि त्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे कार्यकर्ते असे एरवी एकमेकांना न मानणारे लोक एकत्र होते. त्यांना बांधणारे एक सामाईक कथानक नसते तर ही मोट टिकली नसती. पण विदर्भात काँग्रेसनेच जागा राखल्या. विदर्भाची स्वतःची राजकीय आठवण होती, नागपूर ही त्याची राजधानी होती, आणि त्याचा शेतकरी मुंबईच्या गिरणीत कधी मोठ्या संख्येने आला नव्हता. मैना गावावर ठेवून मुंबईला जाण्याची गोष्ट त्याची नव्हती. राजकीय कारणे आणखी होती, तरीही माझ्या मते हा पुरावा मूळ मुद्द्याला बळकटी देतो. ज्याला गोष्टीत आपली जागा सापडत नाही त्याच्यावर तिचा जोर चालत नाही, मग ती कितीही सुरेल असो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. मोकळ्या जागेवर ऐकणारा बसतो, तसे समोरच्या जागेवर कोणीतरी बसवलेही जाते. फडावरचा लबाड भटजी पुन्हा पुन्हा पाहिला की गावातला प्रत्येक ब्राह्मण तोच दिसू लागतो. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्यामागे जमीन, हेवेदावे, राजकीय सूड अशी अनेक कारणे होती आणि जोतीरावांच्या विचाराला त्याचे पाप लावणे खोटेपणा होईल, कारण त्यांचा विरोध व्यवस्थेला होता आणि त्यांनी ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी स्वतःच्या घरात सोय केली होती. पण सोंगातले पात्र जातीच्या नावाने ओळखले जाऊ लागले की त्याची किंमत निरपराधांना द्यावी लागते, हे नाकारता येत नाही. १९५६ च्या मुंबईतही शेठ आणि गुजराती या दोन शब्दांतले अंतर काही वेळा पुसले गेले. लालबावटा कलापथकाचे मोठेपण मला इथे दिसते. एक मातंग, एक बार्शीचा मुसलमान आणि त्यांच्या बरोबरीचा गवाणकर, या तिघांच्या फडावर शत्रू ओळखला जात होता तो त्याच्या तिजोरीवरून. त्यांच्या मुंबईत गरीब कोणत्याही भाषेचा असला तरी त्याला उभे राहायला जागा होती.

३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला पंतप्रधान नेहरू आले. याच गडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखान मारला गेला होता, आणि त्याच वधाच्या चर्चेवरून साठ वर्षांपूर्वी टिळक तुरुंगात गेले होते. नेहरूंनी तुरुंगात बसून लिहिलेल्या जगाच्या इतिहासात शिवाजीविषयी काही अनुदार उल्लेख आले होते आणि पुढे ते सुधारले होते. महाराष्ट्र ते विसरला नव्हता. वाटेवर समितीचे हजारो निदर्शक काळे झेंडे घेऊन उभे होते. त्यांच्या तोंडीही महाराजांचाच जयजयकार होता. गडावर सरकारने सांगितलेला शिवाजी राष्ट्रीय एकतेचा होता, रस्त्यावर उभा असलेला शिवाजी महाराष्ट्राच्या हक्काचा. जोतीराव आणि टिळक यांच्यातला जुना वाद पुन्हा नव्या वेषात उभा राहिला आणि या वेळी मावळ्याच्या जागेवर कोण उभे आहे हे रस्त्याकडे पाहून कोणालाही कळत होते. दिल्लीला लोकभावनेची तीव्रता त्या दिवशी उमगली असे पुष्कळ जण मानतात.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार आणि निपाणी आज कर्नाटकात आहेत, डांग आणि उंबरगाव गुजरातेत.